पातळ सोलचे बूट आणि परतीची धाव

परभणीहून गंगाखेडच्या दिशेने निघालं की पोखर्णी लागतं. नृसिंहाच्या देवस्थानामुळे गाव जिल्ह्याबाहेरही ठाऊक आहे. परभणी-परळी लोहमार्गावरच्या स्थानकाच्या नावातही नृसिंह आहेच. अशा गावांत धावणं बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच येतं, भरतीच्या वयात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीतल्या ५० गुणांपैकी २० गुण मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्यावर मिळतात, म्हणून पहाटे अंधारात मुलं-मुली रस्त्यावर उतरतात. भरती होवो वा न होवो, पुढे धावणं सुटतं. संसार, शेती, दुकान, नोकरी यांत दहा-पंधरा वर्षं निघून जातात, पायी जायच्या वाटेवर मोटारसायकल येते, वजन वाढतं, आणि एखादा तपासणीचा रिपोर्ट हातात पडला की पुन्हा धावावंसं वाटतं. या परतणाऱ्या माणसाला अलीकडे एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो: जाड गादीचे बूट टाकून दे, अनवाणी धावल्यासारखे वाटणारे पातळ सोलचे बूट घे, गुडघे दुखायचे थांबतील. हा सल्ला कितपत खरा आहे, याचा आढावा घ्यायचा तर गेल्या वीस वर्षांतलं संशोधन आणि मराठवाड्याची माती, दोन्ही समोर ठेवावी लागतात. दोन्ही तपासल्यावर माझं मत असं झालं आहे: पातळ बूट शरीरावरचा भार कमी करत नाहीत, तो एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतात. ज्या जागी तो जातो ती जागा आधी तयार असेल, तर हे बूट उपयोगी पडतात. ती तयारी नसेल तर परतीची धाव महिन्या-दोन महिन्यांतच थांबते.

आधी हे बूट म्हणजे काय ते पाहू. २०१५ साली ११ देशांतल्या ४२ तज्ज्ञांनी मिळून त्यांची व्याख्या ठरवली. पावलाच्या नैसर्गिक हालचालीत कमीत कमी आड येणारं, सहज वाकणारं, हलकं, पातळ सोलचं, टाच आणि चवडा यांच्या उंचीत फारसा फरक नसलेलं, आणि पाऊल आत-बाहेर झुकू नये म्हणून घातलेला कोणताही आधार नसलेलं पादत्राण, असा तिचा आशय आहे. आजच्या नेहमीच्या धावण्याच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण एक सेंटिमीटर उंच असते आणि खाली फोमचा जाड थर असतो. हा प्रकार १९७०च्या दशकात रुजला. त्याआधीचे धावपटू पातळ, सपाट बुटांतच धावत. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या ऑलिम्पिकमध्ये अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकून त्याने जागतिक विक्रम केला. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि आणखी तीन मिनिटांनी लवकर पोहोचला. अनवाणी धावण्याचे पुरस्कर्ते रोमची गोष्ट सांगतात आणि टोकियोची सांगत नाहीत. त्यांचा मुद्दा निकाली काढायला हे एक उदाहरण पुरेसं नाही. एवढं मात्र कळतं की एखाद्या असामान्य धावपटूच्या पायात काय होतं, यावरून आपल्या पायांचा निर्णय करता येत नाही.

या बुटांना विज्ञानाचा आधार मिळाला तो २०१० साली. हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात केनिया आणि अमेरिकेतल्या धावपटूंचा अभ्यास मांडला. लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुतेक जण चवड्यावर किंवा पूर्ण तळपायावर उतरतात, बूट घालणारे टाचेवर उतरतात. आणि टाचेवर उतरताना जमिनीकडून जो अचानक धक्का बसतो, तो चवड्यावर उतरताना जवळजवळ नाहीसा होतो, असं त्यांना आढळलं. त्याच्या आदल्या वर्षी ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचं ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आलं होतं. मेक्सिकोच्या डोंगरांतले ताराहुमारा लोक टायरच्या रबराचे पातळ सँडल बांधून मैलोन्‌मैल धावतात, हे त्याने जगभर पोहोचवलं. टायरच्या वहाणा आपल्या शिवारातही पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या, त्यामुळे ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये. पण लिबरमन यांच्या अभ्यासात धक्का मोजला होता, दुखापती मोजल्या नव्हत्या. धक्का कमी म्हणजे इजा कमी, ही उडी वाचकांनी आणि विक्रेत्यांनी मारली. शिवाय सगळे अनवाणी लोक चवड्यावर उतरतात असंही नाही. २०१३ साली उत्तर केनियातल्या दासानाच समाजाचा अभ्यास झाला. हे लोक आयुष्यभर अनवाणी चालतात, तरी आपल्या सवयीच्या संथ वेगाने धावताना ७२ टक्के वेळा त्यांची टाचच आधी टेकली. पाऊल कसं पडतं हे वेग, जमीन आणि सवय मिळून ठरवतात. बूट हा त्यातला फक्त एक घटक आहे.

तरीही अनवाणी पाऊल आणि बुटातलं पाऊल यांत फरक पडतो, आणि त्याचा भक्कम पुरावा आपल्याच देशात आहे. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरच्या राव आणि जोसेफ या अस्थिशल्यचिकित्सकांनी १९९२ साली ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलाचं प्रमाण ८.६ टक्के होतं, तर अनवाणी वाढलेल्या मुलांत २.८ टक्के. समोरून बंद बूट घालणाऱ्यांत ते जास्त होतं, चपला-सँडल वापरणाऱ्यांत कमी. पुढे २००९ साली दक्षिण भारतातल्याच आयुष्यभर अनवाणी चाललेल्या लोकांचा अभ्यास झाला. त्यांचा चवडा रुंद होता आणि चालताना दाब संपूर्ण तळपायावर अधिक समान पसरत होता. बोटांना पसरायला जागा मिळाली, तळपायाच्या लहान स्नायूंना रोज काम मिळालं, की पाऊल मजबूत घडतं, हा या अभ्यासांचा अर्थ. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: हे पाऊल बालपणात घडलं. चाळिशीतल्या माणसाने बूट काढले म्हणून ते एका हंगामात घडत नाही.

मोठेपणी पातळ बुटांकडे वळलेल्यांचं काय होतं, याची उत्तरं २०१३ नंतर येऊ लागली. अमेरिकेत रिज आणि सहकाऱ्यांनी ३६ अनुभवी धावपटू घेतले. त्यांतल्या १९ जणांना दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या पातळ बुटांवर आणलं, १७ जणांना नेहमीच्या बुटांत ठेवलं. एमआरआय काढले तेव्हा पातळ बुटांच्या गटातल्या १० जणांच्या पावलांच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. दुसऱ्या गटात असा एकच जण होता. हाडातली ही सूज म्हणजे ताणाने हाड चिरण्याआधीची पायरी असू शकते. कॅनडातल्या २०१४ सालच्या चाचणीत १०३ धावपटूंना तीन प्रकारचे बूट वाटले, तेव्हा सर्वांत पातळ बूट मिळालेल्यांना नडगी आणि पोटरीचं दुखणं जास्त झालं. ऑस्ट्रेलियात ६१ जणांना २६ आठवडे पाहिलं, त्यात पातळ बुटांतल्या दुखापतीचा धोका शरीराच्या वजनाबरोबर वाढत गेला आणि साधारण ७१ किलोच्या पुढे तो ठळक झाला. २०१४ सालीच पाच बोटांचे बूट विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीने आरोग्याच्या दाव्यांवरून झालेल्या अमेरिकेतल्या खटल्यात चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली, आणि अनवाणी धावण्याची लाट ओसरली. त्यानंतर बाजार थेट दुसऱ्या टोकाला गेला. आज नावाजलेले मॅरेथॉनपटू इतक्या जाड सोलच्या बुटांत धावतात की जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतीसाठी ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली.

हे सगळे निकाल एकत्र ठेवले की चित्र स्पष्ट होतं. टाचेवर उतरून लांब ढांगा टाकणाऱ्याचा गुडघा जास्त भार घेतो. पातळ बुटात टाच आपटली की दुखतं, म्हणून माणूस ढांग आखूड करतो, पावलं भरभर टाकतो, चवड्याकडे झुकतो. त्यामुळे गुडघ्यावरचा भार खरोखर कमी होतो. पण तोच भार पोटरीवर, टाचेमागच्या कंडरेवर आणि बोटांमागच्या लांबट हाडांवर येतो. २०१६ साली ॲल्टमन आणि डेव्हिस यांनी २०१ धावपटूंची वर्षभराची नोंद प्रसिद्ध केली, ती याला दुजोरा देते: अनवाणी धावणाऱ्यांना टाचेखालच्या दुखण्याचा त्रास कमी होता, पोटरीच्या दुखापती जास्त होत्या, आणि धावलेल्या अंतराच्या हिशोबात दोन्ही गटांचं दुखापतीचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. गुडघ्याच्या जुन्या दुखण्यावर म्हणून काहींना पातळ बुटांचा फायदा होतो, हे खोटं नाही. ज्याची पोटरी किंवा टाचेमागची कंडरा आधीच तक्रार करते त्याने मात्र या वाटेला न गेलेलं बरं.

परतणाऱ्या माणसाचा धोका इथे नेमका दिसतो. भरतीच्या दिवसांत कमावलेला दमसास बराचसा गेलेला असला तरी सरावाने तो काही आठवड्यांतच परतू लागतो. स्नायूंना त्याहून वेळ लागतो, आणि कंडरा व हाडं सर्वांत मागून येतात. त्यांची नव्या ताणाची तयारी महिन्यांच्या हिशोबात होते. म्हणजे दम साथ देतो, मन जुना वेग मागतं, आणि हाड अजून तयार नसतं. त्यात वजन आधीपेक्षा दहा-पंधरा किलो जास्त. अशा वेळी गादीचे बूट काढून थेट पातळ बूट चढवले की तीन बदल एकदम होतात: धावणं नवं, वजन नवं, भाराची जागा नवी. रिज यांच्या अभ्यासातले लोक तर नियमित धावणारे होते. दहा आठवडे सावकाश वळूनही त्यांच्यातल्या निम्म्यांची हाडं कुरकुरली. पंधरा वर्षांनी परतणाऱ्याने याहून घाई करू नये, एवढं तरी यातून कळायला हवं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मग जाड गादीचेच बूट घ्यावेत, हा खटाटोप कशाला? त्याला आधार आहे. लक्झेंबर्गमध्ये ८४८ धावपटूंवर झालेल्या चाचणीत कडक सोलच्या बुटांत दुखापतीचा धोका मऊ सोलपेक्षा सुमारे दीडपट होता. पण २०२२ साली कॉक्रेन संस्थेने १२ चाचण्या आणि ११,२४० लोकांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कोणत्याही प्रकारच्या बुटांनी दुखापती खात्रीने टळतात असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. मला यातून दिसतं ते असं की बुटांकडून संरक्षणाची अपेक्षा ठेवणं हीच चूक आहे, मग ते जाड असोत की पातळ. संरक्षण पायाच्या ताकदीत आहे. ब्राझीलमध्ये ११८ धावपटूंवर झालेल्या २०२० सालच्या चाचणीत तळपाय आणि घोट्याचे व्यायाम न करणाऱ्यांना ते करणाऱ्यांपेक्षा दुखापत होण्याची शक्यता जवळजवळ अडीचपट निघाली. त्याच सुमारास दोन अभ्यासांनी दाखवलं की पातळ बूट घालून नुसतं चालल्यानेही तळपायाची ताकद वाढते. त्यांतल्या २०२१ सालच्या इंग्लंडमधल्या अभ्यासात सहा महिने रोजच्या वापरात असे बूट घातलेल्यांची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली, आणि त्यासाठी त्यांना धावावं लागलं नाही. पातळ बुटांच्या बाजूचा सर्वांत ठोस पुरावा हाच आहे, आणि तो चालण्याबद्दलचा आहे.

दुसरा आक्षेप अभिमानाचा आहे आणि तो मनाला भिडतो. आपली माणसं अनवाणीच धावत आली, असं म्हटलं जातं. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकरी घरांतली अनवाणी मुलं धावताना पाहूनच दोराबजी टाटांच्या मनात भारताने ऑलिम्पिकला जावं हा विचार पक्का झाला. पुढच्याच वर्षी अँटवर्पला बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक मिळवला. बारामतीत लताबाई करे नऊवारीत अनवाणी धावून जिंकल्या, आणि त्यांच्यावरच्या चित्रपटाची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली. मिलिंद सोमण यांनी २०१७ साली फ्लोरिडातल्या अल्ट्रामॅन स्पर्धेतली ८४ किलोमीटरची धाव अनवाणी पूर्ण केली. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडमार्गे पंढरपूरला जाते, तिच्यात अनवाणी चालणारे वारकरी दरवर्षी दिसतात. ही सारी उदाहरणं खरी आहेत, पण ती एकच गोष्ट सिद्ध करतात: वर्षानुवर्षं घडलेलं पाऊल हे करू शकतं. कष्टात आयुष्य गेलेल्या बाईचे पाय आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसून पंधरा वर्षं काढलेल्या माणसाचे पाय एकाच गावात वाढले असले तरी आज ते वेगळे आहेत. आजोबा अनवाणी नांगर धरत होते, या वारशातून नातवाच्या हाडाला ताकद मिळत नाही. ती ज्याची त्याने मिळवायची असते.

तिसरा आक्षेप मातीचा आहे. पोखर्णीच्या शिवारातली काळी माती पावसाळ्यात पायाला लोळागोळा होऊन चिकटते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पांदणीच्या कडेला बाभळीचे काटे आणि सराटे, वेचणीनंतरच्या रानात पऱ्हाटीची आणि तुरीची धसकटं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो, तेव्हा दुपारच्या डांबरावर अनवाणी पाय ठेवणं म्हणजे भाजून घेणं. पावसाळी अंधारात साप-विंचवाची भीती खरी आहे. मधुमेहाने तळपायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला काटा रुतलेला कळतही नाही आणि साध्या जखमेचं पुढे मोठं दुखणं होतं. त्याने अनवाणी धावू नये आणि पातळ बूटही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच इथे अनवाणी धावण्यापेक्षा अनवाणी-धाटणीचे बूट हा शहाणपणाचा मधला मार्ग ठरतो. काटा अडवेल इतकं सोल, पण पावलाला हालचाल करू देईल इतकं पातळ. घराच्या फरशीवर आणि अंगणात मात्र अनवाणी चालायला निरोगी माणसाला कसली हरकत?

चौथा आक्षेप पैशाचा. नावाजलेल्या परदेशी कंपन्यांचे असे बूट कित्येक हजारांना पडतात आणि परभणीच्या दुकानांत सहसा मिळत नाहीत. पण व्याख्या पुन्हा पाहिली तर त्यातल्या बहुतेक गोष्टी शाळेच्या पीटीच्या कॅनव्हास बुटांत आहेत: सपाट, पातळ, वाकणारे, कोणताही कृत्रिम आधार नसलेले. त्यांचा दोष एकच, ते पुढून अरुंद असतात. म्हणून दुकानात उभं राहून बोटं पसरून पाहावीत, लागलंच तर एक नंबर मोठा घ्यावा, बूट हाताने मधोमध दुमडून पाहावा. अनवाणी धावण्याचा सगळा युक्तिवाद कमी साधनांत जास्त ताकद मिळवण्याचा आहे. त्यासाठी महिन्याच्या पगाराचा मोठा वाटा खर्च करायला लावणारा सल्ला त्या युक्तिवादालाच छेद देतो.

मग परतायचं कसं? मराठवाड्याच्या ऋतुचक्रातच याचं सोपं उत्तर आहे. इथे सुखाने धावता येईल असा काळ दिवाळीपासून होळीपर्यंतचा: जमीन वाळलेली, सकाळ थंड, दिवस कोरडे. या काळात धावायचं तर तयारी श्रावणात सुरू व्हायला हवी. पावसाळ्याचे तीन महिने पातळ, सपाट बूट घालून रोज डांबरी रस्त्यावर अर्धा तास चालावं, घरात अनवाणी वावरावं, भिंतीला हात टेकून टाचा उचलण्याचा व्यायाम करावा. एका पायावर उभं राहून सलग वीस-पंचवीस वेळा टाच उचलता येऊ लागली की पोटरी भार घ्यायच्या वाटेवर आहे असं समजावं. दिवाळीनंतर चालण्याच्या मधेमधे एकेक मिनिट धावावं, पावलं आखूड आणि भरभर टाकावीत, आणि दोन धावांमध्ये एक दिवस विश्रांती ठेवावी. आधीपासून जाड बूट असतील तर ते फेकू नयेत. पहिले काही महिने बरंचसं धावणं त्यांच्यातच व्हावं आणि पातळ बुटांचा वाटा थोडा थोडा वाढवावा. सकाळी उठल्यावर टाचेमागे ताठरपणा असेल तर पुढचा टप्पा लांबवावा. पावलाच्या वरच्या बाजूला एकाच जागी बोट दाबलं की दुखत असेल तर धावणं तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जावं, कारण ते दुखणं हाडाचं असू शकतं. वजन जास्त असलेल्याने होळीपर्यंत नुसतं भरभर चाललं तरी कमावलंच. चाळिशी ओलांडलेल्याने किंवा रक्तदाब, साखर असलेल्याने सुरुवातीलाच हृदयाची तपासणी करून घ्यावी.

या हिशोबाने पहिला पूर्ण हंगाम तयारीतच जातो आणि मनासारखं धावणं दुसऱ्या दिवाळीला हाती येतं. अनेकांना हे फार सावकाश वाटेल. पण परतणाऱ्याला भरतीची तारीख गाठायची नसते. त्याला पन्नाशीत, साठीत आपल्या पायांवर चालत-धावत राहायचं असतं, आणि त्या हिशोबात एक वर्ष ही मोठी किंमत नाही. ज्या ग्रामपंचायती व्यायामशाळेवर खर्च करतात त्यांनी गावाजवळ मऊ मातीची, काटे झाडून ठेवलेली चारशे मीटरची साधी धावपट्टी केली, तर भरतीच्या मुलांबरोबर त्यांचे आईबापही तिच्यावर उतरतील. बूट कोणते, हा प्रश्न मग आपोआप लहान होईल. पातळ बुटांनी आपल्याला एक मोलाची गोष्ट दाखवून दिली आहे: पाऊल हा शरीराचा कामकरी भाग आहे आणि कामानेच तो बळकट होतो. ते काम आधी चालण्यातून द्यायचं आणि मग धावण्यातून, या क्रमाला पर्याय नाही.